दार दिसत नाही

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून असं ज्याने कोणी म्हणून ठेवलं, त्याने ॲप बनवून पाहिलेलं नव्हतं. मी पाहिलंय. भाड्याची आणि विकाऊ घरं शोधून देणारं ॲप. आणि तेही पुण्या-मुंबईसाठी नाही, आमच्या सांगली-साताऱ्यासाठी. त्या एका वर्षात आम्ही इतक्या हसलो, की खालच्या भडंगवाल्याने एकदा वर येऊन विचारलं, "पोरींनो, नक्की विकता काय तुम्ही?"

भडंगवाला खाली, आम्ही वर. सांगलीच्या पेठेतल्या त्याच्या दुकानावरची दहा बाय बाराची खोली हे आमचं ऑफिस. अकराच्या सुमाराला खाली लसूण तळायला पडायचा आणि त्याचा वास जिना चढून आमच्या आधी खुर्चीत बसायचा. ऑफिसात आम्ही दोघीच. माझी कॉलेजातली मैत्रीण कोड लिहायची आणि मी डिझाईन करायचे. म्हणजे कोणतं बटण कुठे, कोणता रंग, माणसाला काय विचारायचं आणि कोणत्या शब्दांत विचारायचं. मैत्रीण पक्की सांगलीची, गावभागातली. तिच्या सात पिढ्या एकाच दारातून आत-बाहेर करत आल्यात. मी जतकडची. माझे आई-आबा मेंढरं राखतात. दिवाळी झाली की घोड्याच्या पाठीवर संसार चढवायचा, कळप घेऊन पश्चिमेला साताऱ्याकडे निघायचं आणि पावसाच्या तोंडावर परत फिरायचं. मला मात्र सहाव्या वर्षी वसतिगृहात ठेवलं. त्यामुळे मला कायम पत्ता होता. शाळेचा का असेना, होता.

त्या दिवाळीत, कळप निघायच्या आदल्या दिवशी, आईने भाकरी थापता थापता जाहीर केलं, "औंदा शेवटचं. फुडल्या साली मी मेंढरांमागं न्हाई. मला दार पायजे."

"कसलं दार?" आबांनी विचारलं.

"आतनं कडी लागणारं."

आबा हसले. गावाकडे आमच्या वाट्याला एक खोली आहे, पण तिच्यात माझ्या चुलत्यांचा कडबा राहतो आणि तो हलायचं नाव घेत नाही. माझी सांगलीतली खोली एका काकूंच्या घरात. पाहुणा दोन दिवसांच्या वर राहिला की काकू पाणी तापवायचा बंब बंद करतात. तेव्हा आईचं दार कुठून यायचं हा प्रश्नच होता. मी म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. लगेच बोलून बसले, "आई, माझं ॲप होऊ दे. त्यातलं पहिलं घर तुझं." आईने माझ्याकडे बघितलं, "बग हां," म्हणाली, आणि भाकरी उलटली. दुसऱ्या दिवशी ते पश्चिमेला गेले आणि मी सांगलीच्या एसटीत बसले.

मी वचन विसरले असं नाही. पण काम असं चढलं डोक्यात, की काही विचारू नका. माणसं घर कशी शोधतात हे आम्हाला ठाऊक आहे असं आम्हाला वाटत होतं, आणि रोज कोणीतरी आम्हाला तोंडावर पाडत होतं.

पहिली गोष्ट पुराच्या पाण्याची. सांगलीत घर बघायला गेलेला माणूस खोल्या मोजत नाही. भिंतीकडे बघतो आणि विचारतो, पाणी कुठवर आलं होतं? मैत्रीण म्हणाली, हे पहिल्याच पानावर हवं. म्हणून मी एक माणूस काढला, हसरा, हात कमरेवर ठेवलेला, आणि त्याच्या बाजूने बोटाने वर सरकवायचं निळं पाणी. घोटा, गुडघा, कंबर, गळा. मालकाने पाणी सरकवून थांबवायचं. एका मालकाने घोट्यावर थांबवलं. फोटोत मात्र त्याच्यामागे भिंतीवर मळकट रेघ स्पष्ट दिसत होती, कॅलेंडरच्याही वर. मैत्रिणीने फोन लावून विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "आवं ताई, मी माळ्यावर बसलो हुतो. माझ्या घोट्यापातूरच आलं की." त्यानंतर आठवडाभर आम्ही एकमेकींना काहीही विचारलं तरी उत्तर ठरलेलं. काम किती झालं? घोट्यापातूर.

दुसरी गोष्ट फोटोंची. आम्ही मालकांना सांगितलं होतं, घराचे चार फोटो टाका. त्यांनी टाकले. प्रत्येक फोटोत अख्खं खानदान उभं. हॉलचा फोटो म्हणजे सोफ्यावर आजोबा, मागे सुना, पुढे पोरं, कोपऱ्यात घर असलं तर असलं. कराडच्या एका बाईंनी संडासाच्या फोटोतही दारापाशी स्वतः उभं राहून मान वळवून हसून दाखवलं होतं. रिकाम्या घराचा फोटो काढू नये, असं म्हणतात म्हणे. मी कपाळाला हात लावला आणि दोन दिवस बसून सगळी माणसं कापून काढली. घरं कशी स्वच्छ, सुटसुटीत, मासिकातल्यासारखी दिसायला लागली. आणि फोन यायचे बंद झाले. एकही नाही. मैत्रिणीने मला न विचारता जुने फोटो परत चढवले तसे दुपारपर्यंत अकरा जणांनी चौकशी केली. तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे कोणी घर भाड्याने घेत नाही. घरमालकीण भाड्याने घेतात. वर राहायचं म्हणजे खाली कोण आहे ते आधी दिसायला हवं.

तिसरी गोष्ट मात्र आमच्या स्वप्नातसुद्धा आली नव्हती. चौकशा होत होत्या, पण मालक "कळवतो" म्हणायचे आणि आठवडाभर कळवायचे नाहीत. मधे करतात तरी काय हे बघायला मी मलकापूरच्या एका मालकांना फोन केला. ते म्हणाले, "काल जाऊन आलो की त्यांच्या घरी."

"कोणाच्या घरी?"

"भाडेकरूंच्या. सध्या राहत्यात तिथं. मंडळींना घिऊन गेलतो. हिनं सैपाकघरात जाऊन शेगडी बगितली. शेगडी बगितली की कळतंय सगळं."

"मग?"

"मग काय, पोहे खाल्ले. पोहे बरे हुते. पन शेगडी बरी नव्हती."

मी फोन ठेवला आणि मैत्रिणीकडे बघितलं. आम्ही आणखी आठ मालकांना विचारलं. आठही जण जाऊन आले होते. कोणी अचानक गेले होते, कोणी मुलीचं स्थळ बघायला जावं तसे नारळ घेऊन गेले होते. एका आजींनी तर बाथरूमच्या कोपऱ्यात साबणाच्या वडीखाली बोट घालून बघितलं होतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकली होती. तिच्यावर एक अख्खा व्यवहार चालतो हे माहीत नव्हतं.

तर आम्ही तेच ॲपमध्ये घातलं. नाव ठेवलं 'उलटी भेट'. भाडेकरूने घर बघायला जायचं, आवडलं तर मालकाने भाडेकरूचं घर बघायला यायचं. वार, वेळ, किती माणसं येणार, चहा की पोहे, सगळं आधीच ठरलेलं. हे जे चाललं म्हणता! भाडेकरू कुरकुरले, पण ज्यांनी आयुष्यात माळे झाडले नव्हते त्यांनी माळे झाडले. रहिमतपूरपासून जतपर्यंत ओटे घासले गेले असतील त्या महिन्यात.

आता मुख्य चूक. ती माझी, शंभर टक्के माझी.

मालक उलट्या भेटीला निघाले की हरवायचे. कारण आमच्याकडचे पत्ते. पाण्याच्या टाकीच्या मागं, पिवळ्या घराशेजारी. आणि पिवळं घर मागच्या दिवाळीला हिरवं झालेलं. म्हणून मी ठरवलं, भाडेकरूने आपल्या सध्याच्या घराच्या दाराचा फोटो टाकायचाच. दार बघितलं की मालक बरोबर येईल. रकान्यापुढे लाल चांदणी, म्हणजे सक्तीचं. फोटो नाही तर पुढचं पान उघडणार नाही.

मैत्रीण म्हणाली, "सक्ती कशाला? असू दे ऐच्छिक. कोणाला दार नसलं तर?"

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, "दार नाही असा माणूस असतो का कुठे?"

सात पिढ्या एका दारामागे राहिलेल्या मुलीला शंका आली आणि मला आली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आलेले फोटो तपासायचं काम माझ्याकडे होतं, कारण लोक दाराऐवजी काहीही पाठवायचे. देवघर, मोटारसायकल, नातवाचा वाढदिवस. मी आणखी एक शहाणपणा केला होता. तपासणाऱ्याला नाव, नंबर काही दिसायचं नाही, नुसता फोटो दिसायचा; खासगीपणा जपायला हवा ना! खाली दोन बटणं. 'दार दिसतं' आणि 'दार दिसत नाही'. दुसरं दाबलं की त्या माणसाला आपोआप निरोप जायचा, फोटोत दार दिसत नाही, कृपया पुन्हा पाठवा. रोज सकाळी भडंगाचा पुडा शेजारी घेऊन मी पन्नास-साठ फोटो उडवायचे. दिसतं, दिसत नाही, दिसतं, दिसतं, बोकड, दिसत नाही.

ॲप जोरात चाललं होतं. आम्ही दोघी हवेत होतो. पहिलं घर लागलं तेव्हा भडंगवाल्याने आम्हाला भडंग फुकट दिलं. पाचवं लागलं तेव्हा आम्हीच त्याला पेढे दिले. विसावं लागल्याचा निरोप आला तेव्हा मैत्रीण खुर्चीवर उभी राहून नाचली आणि खुर्चीचा पाय मोडला. आईचा फोन आला की मी म्हणायचे, "आई, नंतर करते." पहिलं घर तिचं असं म्हणाले होते. विसावं झालं तरी तिला एकही दाखवलं नव्हतं.

मे महिन्यात एका सकाळी आबांचा फोन आला. ते तेव्हा रहिमतपूरजवळ एका शेतात होते. शेतकरी खतासाठी आपल्या वावरात मेंढरं बसवून घेतात, तसं दरवर्षीचं ठरलेलं शेत.

"आगं, तुझं ते याप लय हट्टी हाय," आबा म्हणाले.

"तुम्ही कुठून घेतलंत ॲप?"

"शेतमालकाच्या सुनंनं घालून दिलंय तुझ्या आयच्या फोनात. तुझ्या आयनं घर बगून ठिवलंय. रहिमतपुरात, बाजाराच्या वाटंवर. दोन खोल्या, फुडं वटा, निळं दार. दर साली बाजारला जाता येता बगती ती त्या दाराकडं. ते तुझ्या यापात आलंय. पन याप म्हनतंय, तुमच्या दाराचा फोटू पाटवा."

मी काही बोलणार, तोवर आईने फोन हिसकावून घेतला होता. ती हसत होती. आई हसायला लागली की शब्द मधूनमधूनच बाहेर पडतात. "तीन येळा पाटवला... पालाचा पाटवला, तर म्हनतंय दार दिसत न्हाई. मग पालाचा पडदा वर करून पाटवला, तरी म्हनतंय दिसत न्हाई. मग म्या कुत्र्याला दारात बसवून पाटवला, म्हनलं आता तरी दिसंल. तरी न्हाई! आगं, दारच न्हाई तर दिसंल कसं त्याला?"

मला तो फोटो आठवला. पालाची निळी ताडपत्री, तांबडी माती, जीभ बाहेर काढून बसलेला कुत्रा. तो बघून मी हसले होते, मैत्रिणीला बोलावून दाखवला होता आणि मग बटण दाबलं होतं. तिन्ही वेळा मीच दाबलं होतं. ती ताडपत्री मागच्या वर्षी मीच सांगलीतून विकत घेऊन दिली होती.

मी फोनवर हसले, कारण आई हसत होती. फोन ठेवला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वसतिगृहात माझ्या वर्गातल्या मुली सुट्टीला कुठे जाणार ते सांगायच्या तेव्हा मी "गावाला" एवढंच म्हणायचे. गाव रोज हलतं हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. ते लपवता लपवता मीच विसरून गेले होते, आणि वर लाल चांदणी लावून मोकळी झाले होते. मैत्रिणीला सगळं सांगितलं. तिने कोड उघडला, माझ्याकडे लॅपटॉप सरकवला आणि म्हणाली, "तूच काढ." मी चांदणी काढली. फोटोची जागा राहू दिली, सक्ती गेली. आईचा अर्ज त्याच दुपारी निळ्या दाराच्या मालकीणबाईंकडे पोचला.

मालकीणबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. ॲपवरच्या फोटोत निळ्या दाराशेजारी हाताची घडी घालून अशा उभ्या होत्या, की फोटो बघणाराही सरळ बसावा. आई घर बघून आली, बाईंना भेटून आली आणि बाईंनी कळवलं, रविवारी सकाळी नऊला उलट्या भेटीला येते. एकटी. चहा, कमी साखर.

आता आली का पंचाईत! आधीच्या तिघांना बाईंनी याच भेटीत नापास केलं होतं, हे मला ॲपवर दिसत होतं. एकाच्या घरी भिंतीत चौदा खिळे मोजले होते आणि शेऱ्यात आकडा लिहिला होता. अशा बाई उघड्या वावरात येऊन काय बघणार? रहिमतपुरात या महिन्यात दुसरं घर नव्हतं, आणि पावसाच्या आधी जागा मिळाली नाही तर आई पुन्हा कडब्याच्या खोलीत आणि दिवाळीनंतर पुन्हा मेंढरांमागे. शनिवारी मी कराडला एसटी बदलून रहिमतपूर गाठलं आणि पालाशी पोचल्या पोचल्या आईला म्हटलं, "आई, बाईंना माझ्या सांगलीच्या खोलीवर बोलवूया. नाहीतर शेतमालकाच्या ओसरीवर बसूया तासभर. झाकायला हवं गं थोडं."

आई म्हणाली, "झाकायचं काय? झाकायला हाय काय हितं?"

मग मी तिला सांगून टाकलं. ते तीन वेळा 'दार दिसत नाही' म्हणणारं ॲप नव्हतं, मी होते. माझं बोट होतं. बोलता बोलता मला रडू आलं. आई चुलीपुढे बसली होती. तिने वर बघितलं, जरा विचार केला आणि म्हणाली, "मग? बराबर केलंस की. दार नव्हतंच." आणि मला लाकडं आत सारायला सांगितली.

रविवारी नऊला पाच मिनिटं कमी असताना रिक्षा सडकेवर थांबली. बाई छत्री उघडून बांधावरून आल्या. आईने पहाटे उठून पालापुढची जागा झाडली होती, पाणी शिंपडलं होतं. झाडलेल्या मातीची कड अशी सरळ होती, की आखून घेतल्यासारखी. बाई त्या कडेपाशी येऊन थांबल्या. पुढे पाऊल टाकेनात.

"आत कुठून यायचं?" त्यांनी विचारलं.

"हितनं," आईने दोन दगडांच्या मधे बोट दाखवलं. "चपला हितं काडा."

आणि निवृत्त मुख्याध्यापिकांनी, चहूबाजूंनी उघड्या वावरात, बरोबर त्या दोन दगडांपाशी चपला काढल्या. मी तोंडावर पदर धरावा तसा ओढणीचा बोळा धरला. हसू येत होतं की काय येत होतं, मलाच कळत नव्हतं.

बाईंनी सगळं बघितलं. भांडी मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने पालथी घातलेली. पाण्याची घागर, तिच्यावर झाकण. कोकरांना वेगळी जागा, जाळी लावून. राखेचा ढीग कुठे आहे, खरकटं कुठे टाकता, सगळं विचारलं. आई उत्तरं देत होती, न घाबरता. घाबरले होते आम्ही, मी आणि आबा. आबा तर मेंढरांच्या आड जाऊन उभे होते.

आईने चहा दिला. बाईंनी एक घोट घेतला आणि थांबल्या. "दूध कसलं आहे?"

"शेळीचं."

बाईंनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि त्यांचा खास प्रश्न विचारला. "भिंतीला खिळे ठोकाल का?"

"कशाला?" आई म्हणाली. "आमाला कवा भित्ताड व्हतं, काय टांगायची सव लागायला?"

बाईंच्या ओठांचा एक कोपरा हलला. पण त्या इतक्यात सुटणाऱ्या नव्हत्या. "आल्यावर सगळेच नीट ठेवतात हो. घर सोडून जातात तेव्हा कळतं. माझ्या आधीच्या भाडेकरूने जाताना नळाची तोटीसुद्धा काढून नेली."

आई उठली. "चला," म्हणाली. बाईंना घेऊन ती बांध ओलांडून पलीकडच्या वावरात गेली, मी मागोमाग. चार दिवसांपूर्वीपर्यंत त्यांचं पाल तिथे होतं. तिथे काहीच नव्हतं. चुलीचे तीन दगड बांधावर जागच्या जागी ठेवलेले, राख वावरात पसरलेली, खुंट्यांची भोकं मातीने बुजवून पायाने दाबलेली. बाई फिरून फिरून बघत होत्या.

"कुठे होतं पाल?" त्यांनी शेवटी विचारलं.

"ते कळाय नगं, म्हनून तर," आई म्हणाली. "ज्यानं बसू दिलं, त्याला फुडल्या साली बी बसू द्यावं वाटाय पायजे."

मी हे लहानपणापासून सुट्टीत बघत आले होते. खुंटीचं भोक बुजवून टाचेने दाबायचं काम माझंच असायचं. त्याच्याकडे कोणी असं उभं राहून बघेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

बाई परत आल्या, दोन दगडांपाशी चपला घातल्या आणि पिशवीतून किल्ली काढली. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "किल्ली तुमच्याकडे देऊ की यांच्याकडे?"

आईने हात पुढे केला. मला विचारायचं कारणच नव्हतं.

घरात जायचा दिवस आईने सोमवार ठरवला. त्या दिवशी मी सांगलीत होते, कारण आई म्हणाली होती, "तू काम कर. आमचं आमी जातो." खाली लसूण तळणीत पडला होता. आबांचा फोन आला.

"आगं, तुझ्या आयला फोन लाव आन् दार उगड म्हनावं."

"काय झालं? भांडलात का?"

"कशाचं भांडतोय! सामान आत ठिवलं, मी घोडं बांधाय गेलो, तवर हिनं आतनं कडी घातली. अर्धा तास झाला. मेंढरं निम्म्या वाटंत हायत माझी."

"बोलत नाही का काही?"

"हसतीया की आत. ऐकू येतंय मला."

तेवढ्यात माझ्यासमोरच्या पडद्यावर एक फोटो आला. नाव नाही, नंबर नाही, नुसता फोटो. निळं दार, आतल्या बाजूने. कडी घातलेली. कडीवर हिरव्या बांगड्यांचा हात, भाकरीच्या पिठाने माखलेला, आणि फोटो किंचित हललेला, कारण काढणारी हसत असणार. खाली माझी दोन बटणं. मैत्रीण येऊन माझ्या खुर्चीमागे उभी राहिली.

मी 'दार दिसतं' दाबलं.

मग फोनमध्ये म्हटलं, "आबा, कडी वाजवा."

"वाजवू? आपल्याच घराची?"

"वाजवा की."

आबांनी फोन कानावरून काढला असावा. मला आधी लोखंडाचा आवाज आला, एकदा, मग जरा जोरात दुसऱ्यांदा. आणि मग आतून आईचा आवाज, लय ऐटीत,

"कोन हाय?"